दोन बोटांची फट

केविनॉच्या टोकाला बर्फ पाहुणा म्हणून येतो
आणि एप्रिलपर्यंत घरजावई होऊन बसतो.
माझं दुकान त्याच्यावरच चालतं:
खिळे, रॉकेल, फावडी,
आणि मागच्या भिंतीला लटकलेल्या टायरच्या साखळ्या,
एकेक पस्तीस किलोची. उतरवताना
माझा उजवा खांदा अजूनही
आजोबांच्या फिनिश भाषेत शिव्या घालतो.

आयली कांगस आली ती तळहातावर
बॉलपेनने टायरचा आकडा लिहून.
हातमोज्यात घाम आलेला. शेवटचे अठ्ठावीस तेवढे उरलेले,
आधीचे बारा की तेरा, पुसून गेलेले.
"साखळ्या दे," म्हणाली,
जसं कुणी अर्धा किलो कॉफी मागावी.

मी विचारलं, रस्ता सपाट आहे की उताराचा?
कारण शिडीची साखळी स्वस्त पडते,
नाकासमोर चालायचं तर ओढतेही बरी.
पण तुझ्या टायरचे दात खोल आहेत, आयली.
शिडीच्या पायऱ्या दोन दातांमधल्या खाचेत
आरामात जाऊन झोपतात
आणि बर्फाला लागतं नुसतं रबर.
उतारावर तर ट्रॅक्टर आडवा घसरतो,
गुमान, थेट कुंपणापर्यंत.

"सौनापर्यंत," ती म्हणाली.

मग थोड्या वेळाने: "गेल्या फेब्रुवारीत. मी चालवत होते.
रैनो आत होता, वाफ घेत.
भिंतीची फळी आत आली तसा तो बाहेर आला,
अंगावर चिंधी नाही, गुडघाभर बर्फात उभा,
आणि एवढंच म्हणाला: साखळ्या."

आम्ही दोघं हसलो.
रैनोला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

चौकटीच्या जाळीची जोडी गाडीत टाकून
मी तिच्या मागोमाग गेलो.
आकडा बाराचाच निघाला.
मग मडगार्डखाली हात घातला:
उजवीकडे अडीच बोटं फट, पुरेशी.
डावीकडे जेमतेम एक.
तिथे पत्र्याला पोचा, सौनाच्या कोपऱ्याचा.
चाक फिरू लागलं की साखळी बाहेर फुलते,
हा पत्रा ती कागदासारखा फाडेल.
"हातोडा आण," म्हटलं, "दहा मिनिटांत सरळ करतो."

"तो पोचा राहू दे."

मी पुन्हा विचारलं नाही.
म्हटलं, मग चाकं उलटी बसवू,
रिम फिरवली की दोन्हीकडे चार-चार इंच बाहेर येतील.
आयलीने केरसुणीचा दांडा घेतला,
आधी ट्रॅक्टरची रुंदी मापली, मग कोठाराच्या दाराची,
दांड्यावर अंगठा तसाच दाबून माझ्याकडे बघत राहिली.
वीतभर कमी पडत होतं. दाराला.

दुसरं कुणी असतं तर स्वस्तातली शिडी नेली असती
आणि उतरणीवर देवाचं नाव घेतलं असतं.
तिने करवत आणली.

दुपारभर आम्ही दार कापत होतो.
कोंबड्या एका रांगेत, मान वाकडी करून.
अंधार पडता पडता साखळ्या बर्फावर पसरल्या, गुंता काढून,
आकड्यांची टोकं वरच्या बाजूला,
म्हणजे रबरात रुतणार नाहीत.
तिने ट्रॅक्टर त्यांच्यावर आणला,
कड्या अडकवल्या, दहा पावलं पुढे, दहा मागे,
मग खाली उतरून पुन्हा ताणल्या,
कारण पहिली घट्ट कधीच खरी घट्ट नसते.
शेवटी दोन कड्या उरल्या, लोंबकळत. त्या मी छाटल्या.

बिलावर लिहिलं: साखळ्या, एक जोडी.
दाराचं काय लिहावं ते सुचेना.
ती म्हणाली, कॉफी घे, आणि केकची वडी कापली,
करवतीच्याच हातांनी, भुसा न झटकता.

आता पहाटे पाचला, वारा पश्चिमेचा असला तर,
टेकडीपलीकडून खणखण ऐकू येते.
कान लावतो मी. डावं चाक
कुठेच घासत नाही.