चालू

खोकं जिन्यात अडकलं.
तिसऱ्या वळणावर, जिथं भिंत पोट काढून उभी आहे.
टेम्पोवाला म्हणाला, ताई, हे वर जायचं नाही,
आणि पावती माझ्या हातात ठेवून
अक्कलकोट रोडकडं निघूनही गेला.

मग इरण्णा आला, त्याचा मेहुणा आला,
बिड्यांचं सूप बाजूला सारून समोरची सत्यव्वा आली,
ओढायला नाही, सांगायला:
डावीकडं घ्या. अजून डावीकडं.
असं ते ग्रिल गच्चीवर पोचलं
एप्रिलच्या संध्याकाळी साडेपाचला,
फरशी अजून चपला काढू देत नव्हती तेव्हा.

नान्ना खालीच बसून होते.
माग भंगारात गेल्यापासून त्यांनी पाना धरलेला नाही.
सहा माग, किलोच्या भावानं.
काट्यावर चढवताना त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं,
आकडा वाचला होता,
बरोबर आहे म्हणाले होते.
त्याला आता चौदा महिने.

मी पुस्तिका उघडली.
चित्रातला माणूस हसत होता, त्याच्या पायाखाली गवत होतं.
माझ्या पायाखाली टाकीची सावली, वाळत घातलेले टॉवेल,
नळ चार दिवसांनी येतो म्हणून भरून ठेवलेली पिंपं.
चार पाय, दोन चाकं, सोळा बोल्ट.
पंधरा लागले.
उरलेल्या बोल्टाविषयी पुस्तिका काही बोलत नाही.

श्रीहरीनं चिंचोळीहून पोतं आणलं होतं,
तुरकाट्यांच्या गोळ्या, बॉयलरच्या, फुकट.
अम्मानं मूठभर घेऊन पाहिल्या:
म्हशीच्या पेंडीसारख्या दिसतात की.
वास घेतला. रॉकेल नव्हतं, पण कसलं तरी होतं.
बॉयलर काय खातो आणि आपण काय खातो
ह्यात थोडा फरक राहू दे, मी म्हटलं,
आणि आंब्याच्या लाकडाची पिशवी फोडली,
जिची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही.

वायर लावली. बटण दाबलं.
आत स्क्रू फिरू लागला, एकेक गोळी पुढं ढकलत
कट्… कट्… कर्र… कट्…

जिन्यात पावलं वाजली.

नान्ना वर आले. आगीकडं पाहिलंही नाही.
मान तिरकी करून कान दिला,
पत्र्याच्या शेडमध्ये द्यायचे तसा,
सहा मागांच्या गदारोळातून
नेमका तिसऱ्याचा धोटा ओळखायचे तेव्हा.
घासतंय, म्हणाले. बंद कर.
तो बोल्ट दे इकडं.
मी कुठला बोल्ट ते सांगितलंच नव्हतं.

आणि मग पुन्हा पेटवलं, जाळीवर काहीही न ठेवता.
पहिली आग रिकामी, पुस्तिका म्हणते,
पाऊण तास, कारखान्याचं तेल जळून जाऊ द्या.
सत्यव्वाला ते पटेना:
विस्तव फुललाय आणि वर कांदासुद्धा नाही? कसं बाई!
नान्ना म्हणाले,
नवा बीम चढवला की पहिलं हातभर कापड
विकतो का आपण कुणाला? तेलकट निघतं.
पुसायला जातं ते.
इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून
गेल्या पाडव्यापासून ऐकलं नव्हतं.
धूर सरळ वर गेला, मग बेत बदलून
विडी घरकुलाच्या बाजूला वळला.

आमच्या घरात चालु म्हणजे पुरे.
भात वाढताना ताटावर हात आडवा धरून म्हणायचा शब्द.
उंबऱ्याबाहेर मराठीत तोच: सुरू.
पहिलीत बाई म्हणाल्या, पंखा चालू कर,
आणि फिरता पंखा मी बंद केला.
सगळा वर्ग हसला.
मला अजून कळत नाही, कोण चुकलं होतं.

पाऊण तासानं इरण्णानं त्याच्या गच्चीवरून हाक दिली:
काय मास्तर, चालू?
नान्ना हात पुसत होते
किनार नसलेल्या टॉवेलच्या तुकड्याला.
चालु, म्हणाले.

कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही.
खाली गेले, वांग्यांना तेल लावायला घेतलं.