ओझ्यापुरता पाटा

उंब्रजला दस्तगीर शिकलगारच्या शेडात
माझी पिकअप मागून जॅकवर.
चाकं लोंबतायत, काही बोलत नाहीत.

किती उचलायची, म्हणाला.
तीन इंच, मी म्हणाले,
ब्लाउजपीस मागावा तशी, मापासकट.

चार दिवस विचारत हिंडले होते. सगळं पाठ होतं.
ठोकळा : एक्सल आणि पाट्यांच्या मधे,
लांब यू-बोल्टांनी आवळलेला. स्वस्त, दुपारपर्यंत गाडी तयार.
चाफळच्या हैबतीनं घातलाय, त्याच्यावर आणखी एक घातलाय,
आता चढाला क्लच सोडला की पाटे पिळवटतात
आणि मागचं चाक जागच्या जागी नाचतं.
लांब शॅकल : टोकाला दोन इंच वाढवा, मधे एकच मिळतो,
दुसरा वाटेत कोण खातं कुणास ठाऊक.
वर प्रॉपेलर शाफ्ट कुरकुरतो तो वेगळाच.
जादा पाटा : उंची पक्की, पण गाडी दगडावर बसल्यासारखी.
आणि माझं ओझं ऊस नाही, विटा नाहीत,
सातेरीच्या बावीस पेट्या,
कोवळी पोळी, नुकतं बांधलेलं मेण.
एक गचका, की पोळं फ्रेममधून सुटतं
आणि राणी खाली सापडते.
नवा संच मिळतो कोल्हापुरात.
किंमत ऐकून मी पाणी मागितलं होतं.

दस्तगीर यातलं काही ऐकत नव्हता.
उताणा आत सरकलेला, बाहेर फक्त पाय.
आतून आवाज आला,
"घासतं कुठं?"

भोपळा घासतो, मी म्हणाले,
सड्यावाघापूरच्या अलीकडं, वळणावरच्या काळ्या दगडाला.

"घासत असंल तर तुझं तीन इंच त्याच्या काय कामाचं?
पाटं उचलत्यात ती चेसी.
भोपळा चाकाबरोबर चालतो.
त्याला उचलायचा तर टायर मोठं घाल, घरी जा."

ओढणी डोक्याला गुंडाळून मीही आत गेले.
बॅटरीच्या उजेडात भोपळा :
त्यावर नुसता वाळका चिखल,
गांधीलमाशीच्या घरासारखा, कुठं ओरखडा नाही.
खरचटली होती ती स्टेपनीची चौकट.
आणि बंपस्टॉपची रबरं
चेपून चपटी, चकचकीत,
रोज कुणी पाय पुसावेत तशी.

अकरा वर्षं मी हिच्या पोटाखाली पाहिलं नव्हतं.
पेट्यांच्या तळाशी मात्र दर आठवड्याला बघते.

त्यानं पान्यानं एकेक पाटा वाजवला.
पहिले दोन घणघणले.
तिसऱ्यापासून आवाज बसका.
"बुटकी न्हाई ही. दमलीया."

मग जुनेच पाटे उतरले.
संध्याकाळपर्यंत घण. शेजारच्या चहावाल्यानं रेडिओ बंद केला.
कमान हळूहळू परत चढली,
आणि सगळ्यात खाली आला एक आखूड, सपाट पाटा,
रिकाम्या गाडीला न शिवणारा.
ओझं आलं तरच टेकणार.

किती उचलली?
"दीड. म्हैन्याभरानं सव्वा म्हण.
खोटं कशाला सांगू."
बिलाच्या पाठीवर लिहिलं : एक बाटली जांभळाचा.
कापून घेतलेले पैसे वाचता येईनात.

पहाटे साडेतीन. पेट्यांच्या दारांना जाळी.
चाफळ मागं टाकलं, दाढोलीचा चढ,
हौद्यात बावीस घरांचा एकच दबका सूर.
वळण आलं. दगड होता तिथंच,
दव पडून आणखी काळा.
मी पहिला टाकला आणि श्वास धरला, जणू त्यानं वजन कमी होतं.

खालून एकदाच : टक्.

लोखंड दगडाला लागल्याचा नव्हता.
तो आखूड पाटा टेकला होता.
पेट्यांतला सूर चढला, भिंतीसारखा उभा राहिला,
आणि सड्यावर गाडी सपाट झाल्यावर उतरला.

उजाडल्यावर सोळाव्या पेटीत एक पोळं पडलेलं निघालं.
राणी शाबूत.
बोटानं मेण गोळा केलं,
आणि गाडीखाली वाकून बघितलं.
आता सवय लावून घ्यायची आहे.