पाऊण तास

डॉक्टर छाजेड म्हणाले, "बस, हो गया."
म्हणजे आत्ता कुठे व्हायला लागलं होतं.
सुन्न गालाआड कुणी तरी
जुन्या कपाटाचं गंजकं बिजागर हलवत होतं.
दुखत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं
हाडातून.

मग वाटीत टण्‌कन.
"ले जाएँगी?"
दाढ. दोन मुळं, एक वाकडं.
बत्तीस वर्षं माझं सगळं चावून
एवढीशीच.
कागदाच्या पुडीत बांधून घेतली,
जिरावण घेतात तशी.

पाऊण तास कापूस दाबून धरा.
बोलू नका, थुंकू नका, गरम नको.
बाहेर छावणीच्या चौकात
संध्याकाळच्या पोह्यांवर शेव पडत होती.
रिक्षावाल्याला चिठ्ठी दाखवली: स्नेहलतागंज.

घरात शिरते तोच प्रभाताईचा फोन, देवासहून.
"हं."
एरवी ती वाक्य सुरू करते, मी संपवते,
लहानपणापासूनची वाटणीच आहे ती आमची.
"हं."
नळाचं झालं, भाचेसुनेचं झालं,
मग ती थांबली.
ती जागा मी भरायची असते.
कापूस ओला, खारट, लोखंडाच्या चवीचा.
"ऐकतेयस ना?"
"हं."
अगं, आठवड्यातून दोनदा बँकेत जाते मी, म्हणाली.
पासबुकात काही नसतं भरून घ्यायचं.
तिथला पोरगा "बैठिए माताजी" म्हणतो.
पंख्याखाली बसते थोडी. येते.

कापूस काढायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

रात्री ह्यांनी सराफ्यातून शिकंजी आणली,
वाटीत ओतून चमच्याने भरवायला बसले.
थंड, केशरी,
अर्धी हनुवटीवरून पदरात.
"दात काय काढतेस?" म्हणाले.
हसत होते का मी?
आरशात जाऊन बघावं लागलं.

मिठाचं पाणी. गोळ्या, पिवळी आणि ती मोठी.
तिसऱ्या दिवशी भुट्ट्याचा कीस, कोमट,
मिरचीशिवाय, म्हणजे कीस कसला,
मक्याची पेजच.
जीभ सारखी तिथे जाते.
मऊ, खोल, उंबऱ्याइतकी जागा,
हात फिरवला तर कुणाचंच घर नाही.

शनिवारी फोन मीच लावला.
ताई म्हणाली, "काल गेले होते गं, तर तो पोरगा..."
पुढचं सांगायला जीभ उठली
आणि त्या खड्ड्यात तिचा पाय मुरगळला.
"...खरगोनला बदली झाली म्हणे त्याची,"
ताई म्हणाली,
आणि मग बराच वेळ पंख्याचं सांगत राहिली,
आवाज करतो म्हणे हल्ली.