उजवीकडची व्यक्ती

खिळे सगळे माझेच.
इर्मेलीने लाथा मारल्या, ठोसे हाणले,
घोट्याला दोनदा प्लास्टर घालून घेतलं,
भिंतीशी मात्र मीच भांडलो.
कोत्कातली ही घरं काँक्रीटची,
ड्रिल लावलं की खालच्या मजल्यावरचा पेल्कोनेन
झाडूच्या दांड्याने छत बडवतो.
प्रत्येक पट्ट्यामागे एकदा.
आमच्या घरातल्या सगळ्या बढत्या
त्याला तोंडपाठ.

बैठकीत नको, ती म्हणाली,
पाहुण्यांना वाटेल मी दम देतेय.
निजायच्या खोलीत नको, मी म्हणालो. कारण सांगितलं नाही.
न्हाणीत वाफ. स्वयंपाकघरात हेरिंगचा वास.
उरला दाराजवळचा बोळ,
जिथे बूट, बर्फाचं फावडं, विजेचा मीटर
आणि खुंटीला माझा कोट.

पिवळ्या-हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची प्रमाणपत्रं
हेलसिंकीत छापलेली, एकशे साठ ग्रॅमचा साधा माल,
पाच उन्हाळ्यांत विटणारा.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली मी,
कागद मला बोटाला कळतो.
पण ते एक, काळ्या पट्ट्याचं, ओकिनावाहून आलेलं,
काचेत घालण्याआधी
रात्रभर टेबलावर उघडं ठेवलं मी.
तुतीच्या सालीचा कागद, हाताने उचललेला,
दिव्यासमोर धरला की आतले धागे दिसायचे,
कुठून कुठे गेले तेसुद्धा.
आमचं यंत्र मिनिटाला हजार मीटर ओकायचं.
त्यात असा एक वीतभरही निघाला नाही कधी.
हे तिला बोललो नाही.
तिला वाटलं, मी अक्षरं बघतोय.

अक्षरं आम्हाला दोघांनाही येत नव्हती.
उभ्या ओळी, खाली लाल शिक्का.
मियागुनी सरांनी वाकून दिलं, तिने वाकून घेतलं,
आणि वाकलेल्या माणसाला
यात लिहिलंय काय, असं विचारणं
तिला उद्धटपणाचं वाटलं.
चोवीस वर्षं ते आमच्या दारात
काय म्हणत होतं, देव जाणे.

मग नोव्हेंबरात नातीबरोबर तिची मैत्रीण आली, हिसाए.
एका पायावर उभी राहून बूट काढता काढता
वाचायलाच लागली, दुकानाची पाटी वाचावी तशी:
उजवीकडच्या व्यक्तीने
मनापासून सराव केला आहे, सबब तिला...
थांब, म्हटलं. कुठल्या व्यक्तीने?
उजवीकडच्या, ती म्हणाली,
असंच लिहितात आमच्यात.
नाव उजव्या कडेला असतं ना,
मजकूर मग डावीकडे सरकत जातो.

मी उजवीकडे पाहिलं.
माझा कोट.

इर्मेली हसली ती भिंत धरून,
भिंतीवरून घसरत खाली बसेपर्यंत.
अभिनंदन, म्हणाली. कोटाला.
तिला उठवायला आम्ही तिघं लागलो.

खुबा बदलल्यापासून ती वर्गाला जात नाही.
पट्टा खणात आहे, कडांचा काळा रंग उडून
आतलं सूत उघडं पडलंय,
तो असाच व्हायला हवा, म्हणते.
मी विचारलं, कोट दुसरीकडे लावू?
म्हणाली, राहू दे,
त्यानेही सोसलंय तुला एवढी वर्षं.

बोळ अरुंद. जो येतो तो
तिथेच उभा राहतो, उजवीकडे,
दुसरी जागाच नाही:
टपालवाली, मीटर वाचणारा पोरगा,
पाय आपटून बर्फ झाडणारा जावई.
इर्मेली एकेकाकडे बघते,
मग काचेकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

काल चक्क पेल्कोनेन आला.
बायको गेल्यापासून पहिल्यांदाच जिना चढला असेल.
म्हणे, बरेच दिवस ड्रिल ऐकलं नाही,
सगळं ठीक आहे ना?

इर्मेली त्याच्यासमोर वाकली,
नवा खुबा वाकू देतो तेवढी.
तो गोंधळला.
मग त्यानेही मान खाली घातली,
एक बूट पायात, एक हातात.