सुळका क्रमांक सात

पंख नसले की दोनशे पावलं म्हणजे समुद्र.
हे मी वर्गात सांगते, मुलं उतरवून घेतात.
इथे ओटागोच्या माथ्यावर वारा कानशिलात वाजवतो
तेव्हा ते वाक्य गुडघ्यांना कळतं.

सुळक्याच्या चिपेखाली वेटा:
अंगठ्याएवढा, चिलखती,
मागचे काटेरी पाय उगारून मला दटावणारा.
मी माफी मागते, आणि मधल्या पायाचं टोक
कात्रीने उडवते. तिळाएवढं.
कुपीवर लिहिते: चार, मादी, पिवळी.

चार आणि पाचच्या मध्ये नुसतं गवत,
लेंड्या, एक मोडकं कुंपण.
तरी चारचे पाचवर जात नाहीत.
कित्येक हजार हिवाळे गेले नाहीत.
एकेका दगडाची आपली बोली पडत गेली,
कुठे ए च्या जागी जी,
कुठे एक अक्षर गिळलेलं.

आईकडून लेकीकडे जाणारा धागा आम्ही आधी वाचतो.
बापाची त्यात लुडबुड नसते.
मी त्याला मनातल्या मनात माहेर म्हणते.

सातवर सगळे काळे. माहेर एक.
फक्त तीन काळ्या माद्या निघाल्या
दोन नंबरच्या माहेरच्या.

दोन ते सात साडेतीन किलोमीटर,
मध्ये ओढा, दलदल.
पिरिपी म्हणाला, कुप्या बदलल्यास तू.
पुन्हा केलं. पुन्हा त्याच तिघी.

फाटकाची किल्ली परत द्यायला खाली गेले
युअर्ट टुलॉककडे. वय एकोणऐंशी, एक कान बंद.
सहज बोलले, तर त्याने किटली खाली ठेवली.

“तुमचा दोन म्हणजे आमची तुटकी दाढ.
नऊ वर्षांचा होतो. मेंढ्या उतरवायला बापाबरोबर वर.
जाडजूड मादी मिळाली, पोटुशी असावी.
तंबाखूच्या डब्यात घातली,
एल्स्पेथला दाखवायची म्हणून.
रात्री डबा झोपडीबाहेर राहिला.
सकाळी उघडला तर खडा.
टिचकी मारली. टक् वाजलं.”

मग तो बराच वेळ चहा गाळत राहिला.

“जवळच्या सुळक्यावर नेऊन चिपेखाली पुरली.
टोपी काढली होती मी.
बापाला सांगितलं नाही, तिलाही नाही.
पुढे कुणी म्हणालं, ते गोठतात आणि उठतात.
उठत असतील. माझी मेली होती.”

अंगातल्या पाच वाट्यांपैकी चार वाट्या पाणी
बर्फ होतं त्यांचं,
हृदय थांबतं,
आणि ऊन आलं की आधी मिशी हलते.
हे सगळं मी सांगू शकले असते.
त्याऐवजी वीजबिलाच्या पाकिटामागे रेघ ओढली:
दोनपासून सातपर्यंत, मग तीन फाटे.

त्याने चष्मा शोधला. पाकीट खिडकीशी नेलं.

शोधनिबंधात मी लिहीन:
स्थलांतर, बहुधा मानवी, एकदाच.
संपादक पुरावा मागेल.
डबा कधीच हरवलाय, एल्स्पेथ वारली आहे,
आणि टोपी काढल्याचा पुरावा
कुठल्याच कुपीत मावत नाही.

“पिवळी होती ती,” तो म्हणाला, “हळदीसारखी. या तिघी?”
काळ्या, म्हटलं. बापांवर गेल्यात.

तो हसला नाही. पाकीट घडी न घालता
फडताळात उभं ठेवलं, बशांच्या मागे.
“उन्हाच्या बाजूला ठेवली होती,” म्हणाला.
“का कोण जाणे. मेलेल्याला ऊन कशाला,
पण ठेवली होती.”