अळीचं घर

कोक-जार नदीचं पाणी
जूनमध्येही दात शिवशिवतील इतकं गार.
मुलं गुडघाभर पाण्यात दगड उलटतात
आणि मी काठावरून ओरडते:
होता तसा ठेवा रे,
खाली कुणाचं तरी घर असतं.

चौदा वर्षं या गावात जीवशास्त्र शिकवते.
चौदा वर्षं दाखवत आले ही अळी,
बोटाच्या पेराहून लहान.
तोंडातून रेशीम काढते,
कणाला कण जोडते,
वाळूची नळी बांधते अंगाभोवती
आणि घर ओढत चालू लागते.
राखी कण, काळा कण,
मध्येच अभ्रकाचा एखादा, चमकणारा.
ना ओळंबा, ना गज;
गवंड्यानं बघत राहावं असं काम.

यंदा इरिसबेकनं तळहात पुढे केला.
नळीत चार कण निळे
आणि टोकाला, शेपटीसारखा वळवळणारा
गुलाबी धागा.
"बाई, ही नटून आलीय!"
सगळे हसले. मीही हसले.

मग शाळेतल्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं.
निळे कण ताडपत्रीचे असावेत,
मेंढ्यांच्या निवाऱ्यावर उन्हानं भुगा होत चाललेल्या.
आधी अळीला हळूच बाहेर काढलं,
मग रिकामी नळी चिमट्यात दाबली.
बिस्किटासारखी मोडली.
वाळूची अशी मोडत नाही.

गुलाबी रंग ओळखला तो बुरुलचा आपानं.
उभा जन्म तिनं लोकर तुडवून बुरणूस केले,
आता गुडघे ऐकत नाहीत.
बाजारातून आणलेलं ब्लँकेट पिसासारखं हलकं,
महाग तर मुळीच नाही.
"मीच धुते गं ते, पुलाखाली."
आणि हात बाह्यांत ओढून घेतले,
चोरी पकडल्यासारखे.

मी तिला मे महिन्यातली गोष्ट सांगितली.
घोड्यावरून दोन दिवस वर,
जिथे मेंढ्याही जात नाहीत,
तिथला बर्फ बाटलीत भरला, वितळवला, गाळला.
कागदावर तीन धागे.
एक काळा. दोन बिनरंगाचे.
तिथे कोण धुतं, आपा?

तिनं वर बघितलं, बराच वेळ.
"वारा," म्हणाली.

पुलाच्या कपारीत एक पक्षी राहतो, पांढऱ्या छातीचा,
पाण्यात शिरून तळावर चालणारा.
अळी पकडतो, दगडावर आपटतो,
चार उघड्या चोचींपैकी एकीत कोंबतो
आणि पुन्हा बुडी.
तासाभरात एकवीस खेपा. त्या मी मोजल्या.
त्यातल्या किती खेपांत निळं होतं, नाही मोजता आलं.
पिल्लाच्या पोटात ते किती दिवस राहतं,
भूक मारतं का, वाढ खुंटवतं का,
पुढच्या वर्षी अंडी किती,
मुलांनी विचारलं.
आमच्या पुस्तकात त्या जागी
अजून 'कदाचित' एवढंच छापलंय.

उघडी पडलेली अळी मी बरणीत ठेवली.
दोन संध्याकाळी दिव्याखाली बसून
मूठभर वाळू कण कण निवडली.
घरच्यांना वाटलं, तांदूळ निवडतेय.

दुसऱ्या दिवशी आपा आली,
रुमालात चिमूटभर कोकराची लोकर.
"हिला हे दे. हे तर बरं आहे ना?"
आम्ही लोकर पाण्यात सोडली.
अळीनं पुढचे पाय लावून बघितले
आणि पाठ फिरवली.
आपा रागावली खरी,
पण जाताना हसत होती.
ब्लँकेट मात्र महिनाभर कुठे वाळताना दिसलं नाही.

आठवड्यात घर अर्ध्यावर आलं.
इरिसबेक रोज विचारतो,
बाई, हिला परत कधी सोडायचं?
मी म्हणते, थांब थोडं,
बरणीतली वाळू स्वच्छ आहे.

"आणि नदीतली?"

मी फळा पुसायला घेते.
तो आधीच कोरा असतो.