खातें: किरकोळ

मालक म्हणाले, भाव जागेचा आहे,
बांधकाम शून्य धरा.
मी टेप सोडला. पलीकडचं टोक
रखवालदाराच्या रणछोडकडे,
दुसऱ्या हातात त्याचा सेव-उसळीचा द्रोण.

विश्वामित्री वीट-कौल कंपनी, बडोदे.
पाटीवरचं ‘बडोदे’ तेवढं शाबूत,
बाकी कबुतरांचं.

गंमत अशी, की वीट विकणाऱ्यांच्या कचेरीला
वीट दिसतच नव्हती कुठे.
चुना, त्यावर पिवळा, त्यावर सरकारी गुलाबी
(मधे इथे रेशनचं गोदाम होतं).
गेल्या पुरानं छातीपर्यंत सगळं सोललं,
मगरी अंगणात आल्या, गेल्या,
आणि भिंतींनी तोंड उघडलं.

चांगला माल बाहेर गेला होता,
घुमटांना, दवाखान्याला, पुलांच्या कमानींना,
वाजवून, मोजून, खणखणीत.
घरच्या भिंतींना उरल्या त्या खंगर, फुगलेल्या,
आणि पहिल्या हंगामाच्या
उलट्या.

उलट्या म्हणजे असं:
शिक्का कोरणाऱ्या हुसेनमियांना
कुणी सांगितलंच नाही, की अक्षर मातीत पालथं पडतं.
त्यांनी देखणं, सुलटं ‘वि वी’ कोरलं.
मातीत उमटलं ते आरशातलं.
खानविलकरशेठ हसले म्हणे:
नवा शिक्का सव्वा रुपया. राहू दे,
गवंड्याला वाचता कुठे येतं?
पण दरबारच्या इंजिनिअरला येत होतं.
चाळीस हजार विटा गाड्या भरभरून परत आल्या.
त्यांचीच ही कचेरी. वर लगेच चुना.

दर्शनी भिंत: उलटी.
डावी, उजवी: उलटी.
मागची, नदीकडची:
सुलटी. तळापासून वरपर्यंत.
म्हणजे नंतरची.

माडीवर लोखंडी पेटीत चोपड्या होत्या.
वाळवीनं जमेची बाजू खाल्लेली, खर्च शिल्लक.
मोडी मी अडखळत वाचतो,
पण कारकून चांदोरकरांचं अक्षर
असं लफ्फेदार, की बोट धरून नेतं:

*श्रावण वद्य. पुरांत मागली भिंत पडली.*
*नव्या विटा २२००.*
*ओड जिवी, भिंतीखालीं.*
*तिच्या माणसास रु. ११.*
*खातें: किरकोळ.*

खाली लगेच
*शाई, दोन आणे. खातें: किरकोळ.*

ती माती खणत असेल, तुडवत असेल,
साच्यात थापत असेल.
त्याचा हिशेब हजारावर होता, नावावर नव्हता.
नाव आलं ते एवढं एकदा.
त्या रात्री ती कचेरीच्या आडोशाला का होती,
चोपडीत नाही.
ती भिंतही उलट्याच विटांची असणार.
परत आलेल्या.

मालकांचा फोन:
अहो, विटांना मागणी आहे बरं का,
कॅफेवाले, फार्महाऊसवाले नेतात,
जुनी दिसली पाहिजे फक्त.
नगाला अकरा रुपये.

मी म्हटलं, रणछोड, टोक सोड.
टेप सळसळत परत आला, बोटाला लागला.

फॉर्मवर रकाना एकच: बांधकामाचं वय.
मी लिहिलं, तीन बाजूंचं एक,
चौथीचं जिवीनंतरचं.
मग बँकेतला पोरगा आठवला.
खोडलं.

स्कूटरपाशी येईपर्यंत रणछोडनं
दर्शनी भिंतीतली एक सुटी वीट उचलून आणली.
‘काका, आ तो ऊंधुं छे.’
उलटसुलट फिरवली, आणि काय सुचलं कोण जाणे,
स्कूटरच्या आरशासमोर धरली.
‘हवे सीधुं.’
विजयी चेहऱ्यानं पळत गेला,
मागच्या भिंतीची एक घेऊन आला, तीही धरली.
ती आरशात उलटी.
बराच वेळ बघत राहिला.

दोन्ही पायाशी ठेवून निघालो.
काळ्या घोड्यापर्यंत स्कूटर
एका बाजूला ओढत राहिली.